गेम इंजिनचे पैसे आणि इंडी कम्युनिटी

एकट्याने किंवा चार-पाच जणांच्या टीमने, म्हणजे इंडी पद्धतीने, गेम बनवायचा म्हटलं की इंजिन (ज्यावर गेम उभा करतात ते तयार सॉफ्टवेअर) निवडताना फीचर्सइतकंच बघितलं जातं ते पैसे कधी आणि किती द्यावे लागणार. सुरुवातीला खिशात काही नसतं, म्हणून बऱ्याच कंपन्या इंजिन फुकट देतात आणि गेम कमवायला लागला की आपला हिस्सा मागतात. अनरियल या इंजिनला 2014 मध्ये महिन्याला 19 डॉलर पडायचे, 2015 मध्ये तेही गेले आणि फक्त 5 टक्के रॉयल्टी उरली, 2020 मध्ये तर गेमची पहिली 10 लाख डॉलरची कमाईही रॉयल्टीतून सुटली.

फुकट दिलं की शिकणारी पोरं येतात, तीच पुढे यूट्यूबवर ट्युटोरियल टाकतात, प्लगिन (इंजिनला जोडायचे छोटे प्रोग्राम) लिहितात, असेट (गेममध्ये वापरायची तयार चित्रं, मॉडेल, आवाज) विकतात, आणि नवीन आलेल्याला काही अडलं तर उत्तर आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं. हा सगळा पसारा बराचसा बिनपगारी, त्यामुळे नियम मध्येच बदलले की लोकांना ते जिव्हारी लागतं.

युनिटी या दुसऱ्या इंजिनचं तेच झालं. 12 सप्टेंबर 2023 ला त्यांनी रनटाइम फी जाहीर केली: फुकट प्लॅनवर बनवलेल्या गेमने वर्षात 2 लाख डॉलर कमावले आणि एकूण 2 लाख इन्स्टॉल झाले, की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला 20 सेंट, आणि हे आधीच बाजारात असलेल्या गेमनासुद्धा लागू! फुकट मोबाइल गेमवाल्यांना तर हा हिशोब परवडणारच नव्हता, कारण तिथे बहुतेक प्लेअर एक पैसा देत नाहीत. बोंबाबोंब झाल्यावर दहा दिवसांत नियम सैल केले, ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिकिटिएलो गेले आणि सप्टेंबर 2024 मध्ये फीच रद्द केली, पण तोवर विश्वास उडालेला होता.

यात फायदा झाला गोडो या इंजिनचा. अर्जेंटिनातल्या दोघा प्रोग्रामरांनी सुरू केलेलं हे इंजिन 2014 पासून एमआयटी लायसन्सखाली (कुणालाही फुकट वापरायची, बदलायची मुभा देणारा परवाना) ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, रॉयल्टी शून्य, आणि घेतलेल्या व्हर्जनचं लायसन्स मागाहून कुणी काढून घेऊ शकत नाही. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिक कंपनीने त्याच गोंधळात गोडोला 1 लाख डॉलर दिले. नोव्हेंबर 2023 मध्ये गेममेकर या आणखी एका इंजिननेही पैसे न कमावणाऱ्यांसाठी इंजिन फुकट केलं, धंदा करायचा तर एकदाच सुमारे 100 डॉलर.

प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर गेम न्यायचा असेल तर मात्र गोडोवाल्यांचाही खर्च वाढतो, कारण निन्टेंडो-सोनीचे एसडीके (त्यांच्या मशीनसाठी गेम बनवायची साधनं) गुप्ततेच्या करारात बांधलेले असतात, ते ओपन सोर्समध्ये टाकता येत नाहीत, मग पोर्टिंग (गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असा करणं) करून देणाऱ्या कंपन्यांकडे जायचं नाहीतर ते काम स्वतः करायचं.