डायोप्टेज

डायोप्टेज : तांब्याचे सजल सिलिकेट असलेले, पाचूसारख्या गडद हिरव्या रंगाचे दुर्मिळ खनिज. तांब्याच्या ठेवींच्या वरच्या, हवा-पाण्याच्या माऱ्याने बदललेल्या भागात ते दुय्यम खनिज म्हणून तयार होते. त्यात वजनाने सुमारे ५०.५ टक्के क्युप्रिक ऑक्साइड, ३८.१ टक्के सिलिका व ११.४ टक्के पाणी असते. म्हणजे नुसते तांबे सुमारे ४० टक्के भरते. तांब्याचे धातुक म्हणून ते समृद्ध आहे, पण एका जागी पुरेशा प्रमाणात सापडत नसल्यामुळे धातू काढण्यासाठी त्याला महत्त्व नाही. संग्राहक, खनिजशास्त्रज्ञ आणि स्फटिकांच्या संरचनेचा अभ्यास करणारे यांच्यासाठी मात्र ते पहिल्या प्रतीचे खनिज आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत आजच्या कझाकस्तानातील आल्टिन-त्यूबे येथील हिरवे स्फटिक रशियात पोचले, तेव्हा त्यांना पाचू समजण्यात आले. रंग पाहता ही चूक स्वाभाविक होती, पण कठीणपणा तपासताच ती उघडी पडते. फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रेने-जुस्त आउई यांनी १७९७ मध्ये हे निराळे खनिज असल्याचे दाखवले व त्याला आजचे नाव दिले. अखंड स्फटिकाच्या आरपार पाहिले की आतली पाटन-प्रतले (ज्या सपाट पातळ्यांना अनुसरून खनिज सहज फुटते त्या) दिसतात, त्यावरून हे नाव पडले. मात्र त्याचा वापर या नावाहून कितीतरी जुना आहे. जॉर्डनमधील ऐन गझल या नवाश्मयुगीन वसाहतीत सापडलेल्या, इ. स. पू. सुमारे ७२०० च्या चुनखडी-गिलाव्याच्या पुतळ्यांपैकी काहींच्या डोळ्यांच्या कडा डायोप्टेजच्या हिरव्या भुकटीने रेखलेल्या आहेत.

संरचना व रंग : या खनिजात सिलिकॉन-ऑक्सिजनचे सहा चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांच्या रचना) एकमेकांना जोडून एक बंद कडे बनते. अशी कडी तांब्याच्या अणूंनी एकमेकांना बांधलेली असतात. एका कड्यामागे तांब्याचे सहा अणू आणि पाण्याचे सहा रेणू येतात. तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती चार ऑक्सिजन अणू जवळजवळ एका प्रतलात, सुमारे २ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = मिलिमीटरचा एक कोट्यंश) अंतरावर असतात. पाण्याचे दोन रेणू त्या प्रतलाच्या वर-खाली, २.५ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून दूर असतात. ही ताणलेली रचना द्विसंयुजी तांब्याचा स्वभावच आहे. दृश्य प्रकाशातला कोणता भाग शोषला जायचा आणि कोणता आरपार जायचा हे तिच्यामुळे ठरते, आणि रंग हिरवा दिसतो.

पाचूशी तुलना करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पाचू म्हणजे बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार. बेरिल मूळचे रंगहीन, आणि त्याला हिरवेपणा येतो तो क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अल्पशा भेसळीमुळे. डायोप्टेजमध्ये रंग देणारे तांबे हा खनिजाचा मूळ घटकच आहे, म्हणून फिकट किंवा रंगहीन डायोप्टेज असू शकत नाही. याची दुसरी बाजू अशी, की स्फटिक जाड झाला की प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषला जातो व तो काळपट, अपारदर्शक भासतो. त्यामुळे सर्वांत सुंदर रंग बहुधा लहान स्फटिकांत किंवा मोठ्या स्फटिकांच्या पातळ कडांवर दिसतो. मोठा नमुना तो चांगला, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

गुणधर्म : स्फटिक त्रिकोणी समूहाचे असतात. आखूड, सहा बाजूंचे प्रचिन (स्तंभासारखा आकार) आणि टोकाला समांतर षट्फलकाची (तिरप्या घनासारख्या, सहा समभुज पृष्ठांच्या आकाराची) तिरपी पृष्ठे हे नेहमीचे रूप. पाचूच्या प्रचिनाचे टोक सपाट असते, डायोप्टेजचे निमुळते, तीन पृष्ठांचे. भिंगाखाली फरक करण्यासाठी एवढी खूण बऱ्याचदा पुरते. बहुतेक स्फटिक काही मिलिमीटरांचे असतात; दोन सेंटिमीटरांच्या पुढचे विरळा. काठिण्य (मोस मापक्रमावर) ५, म्हणजे पोलादी चाकूने ओरखडा उमटू शकतो. विशिष्ट गुरुत्व (वि. गु.; पाण्याच्या तुलनेत जडपणा) ३.२८ ते ३.३५. कस (भुकटीचा रंग) फिकट हिरवा, चमक काचेसारखी. प्रणमनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.६५ व १.७०, म्हणजे द्विप्रणमन (या दोहोंतला फरक) ०.०५ च्या आसपास. हा आकडा इतका मोठा आहे की पैलू पाडलेल्या खड्यात वरून पाहिल्यास मागच्या कडा दुहेरी दिसतात. पाचूचे द्विप्रणमन ०.००६ च्या आसपासच असते, त्यामुळे त्यात असे दिसत नाही.

समांतर षट्फलकाच्या पृष्ठांना अनुसरून तीन दिशांनी पाटन उत्तम होते. खनिज ठिसूळ आहे. भंजन (पाटनाखेरीज इतरत्र फुटल्यावरचे पृष्ठ) असमान ते शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारखे वक्र. अखंड दिसणाऱ्या स्फटिकाच्या पोटातही पाटनाच्या सूक्ष्म भेगा असतात, आणि आतून चमकणारी प्रतले ती हीच. या खनिजाच्या वापराच्या सगळ्या मर्यादा या एका गुणधर्मातून येतात.

तापवल्यावर स्फटिक तडतडून फुटतो, पाणी सोडतो व काळा पडतो. फुंकनळीच्या ज्योतीत वितळत नाही, पण ज्योतीला तांब्याचा हिरवा रंग देतो. पाणी गेले तरी सिलिकेटची कडी लगेच मोडत नाहीत, म्हणून या काळ्या, निर्जल रूपाचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. अतिनीच तापमानालाही डायोप्टेज लक्ष वेधते. सुमारे १५.५ केल्व्हिनच्या (सुमारे उणे २५८° से.) खाली त्यातील तांब्याच्या अणूंची चुंबकीय परिबले एकाआड एक उलट दिशांनी जुळतात, म्हणजे ते प्रतिलोहचुंबकीय बनते.

निर्मिती : डायोप्टेजला लागणारा कच्चा माल मुळीच दुर्मिळ नाही. तांबे, सिलिका आणि पाणी तांब्याच्या जवळजवळ प्रत्येक खाणीत असतात. दुर्मिळ आहे ती परिस्थिती. कॅल्कोपायराइट, कॅल्कोसाइट, बोर्नाइट यांसारखी तांब्याची सल्फाइडे (गंधकयुक्त खनिजे) हवा व पाण्याच्या संपर्कात येऊन ऑक्सिडीभूत होतात, तेव्हा तांबे असलेले आम्लधर्मी पाणी खडकात मुरते. आम्ल टिकून राहिले तर डायोप्टेज होत नाही. ते पाणी चुनखडक किंवा डोलोमाइटातून गेले की आम्ल मारले जाते व पाणी किंचित अल्कधर्मी होते. पण याच टप्प्यावर दुसरी अडचण उभी राहते : कार्बोनेट खडकाजवळ कार्बन डाय-ऑक्साइड मुबलक असेल तर तांबे मॅलॅकाइट किंवा ॲझुराइट या कार्बोनेट खनिजांच्या रूपाने बाहेर पडते. डायोप्टेज व्हायला विरघळलेली सिलिका पुरेशी आणि कार्बन डाय-ऑक्साइड कमी हवा.

एवढे जमले तरी स्फटिकाला वेळ आणि मोकळी पोकळी लागते. साका (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) झटपट बसला तर क्रायसोकोला तयार होते. तेही तांब्याचे सजल सिलिकेट, पण धड स्फटिकरूप नसलेले, आणि म्हणूनच सर्वत्र भरपूर. मॅलॅकाइट आणि क्रायसोकोला या दोन्ही वाटा चुकवून, संथपणे स्फटिकन होईल अशा अरुंद पट्ट्यात डायोप्टेज वाढते. कोरड्या प्रदेशांत पाणी थोडे असते, ते हळूहळू आटते आणि द्रावण संहत होते. चांगले साठे बहुतेक अशाच प्रदेशांत आहेत. सोबत कॅल्साइट, डोलोमाइट, क्वॉर्ट्‌झ, मॅलॅकाइट, क्रायसोकोला, तसेच शॅटुकाइट, प्लांशेआइट ही तांब्याची सिलिकेटे असतात. शिसेही असलेल्या ठेवींत सेरुसाइट, मिमेटाइट व वुल्फेनाइट ही शिशाची खनिजेही.

आढळ : पहिल्या शोधाचे ठिकाण, कझाकस्तानातील आल्टिन-त्यूबे. तिथे चुनखडकातील भेगांवर स्फटिकांचे थर आहेत. सर्वांत नावाजलेले नमुने मात्र नामिबियातील त्सुमेबचे. ही खाण डोलोमाइटात आहे. जमिनीलगतच्या ऑक्सिडीभवन पट्ट्याखेरीज तिथे खूप खोलीवर आणखी असे पट्टे सापडले, कारण भेगाळलेल्या थरातून भूजल खाली पोचत होते. पांढऱ्या कॅल्साइट-डोलोमाइटावर बसलेले झळझळीत हिरवे स्फटिक ही त्सुमेबची खूण. खाण १९९६ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथले बहुतेक नमुने आता जुन्या संग्रहांतूनच हातोहात फिरतात. नामिबियातच गुचाब येथे आणि वायव्येकडील काओकोव्हेल्ड भागात डायोप्टेज मिळते. काओकोव्हेल्डमध्ये त्याच्याबरोबर निळे शॅटुकाइट असते.

काँगो प्रजासत्ताकातील रेनेव्हिल व मिंदूली येथून मोठे, गडद स्फटिक आले आहेत. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या कटांगा या तांब्याच्या पट्ट्यातही ते आढळते. अमेरिकेत ॲरिझोनातील टायगर येथील मॅमथ-सेंट अँथनी खाण आणि ख्रिसमस खाण प्रसिद्ध आहेत, पण तिथले स्फटिक बारीक. चिली, पेरू, अर्जेंटिना व इराण येथेही नोंदी आहेत.

ओळख : हिरवी, तांबेयुक्त खनिजे अनेक असल्याने नुसत्या रंगावर विसंबू नये. मॅलॅकाइट अपारदर्शक, बहुधा तंतुमय किंवा पट्टेदार, काठिण्य ३.५ ते ४. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ते फसफसते. डायोप्टेज त्या आम्लात विरघळते, पण फसफसत नाही, आणि मागे सिलिकेचा जेलीसारखा गोळा राहतो. या परीक्षेत एक नेहमीची फसगत होते : नमुना कॅल्साइटावर असेल तर बुडबुडे खालच्या कॅल्साइटातून येतात आणि डायोप्टेजला मॅलॅकाइट ठरवले जाते. म्हणून सुटा कण वेगळा काढून, भिंगाखाली पाहत परीक्षा करावी. पाचूचे काठिण्य ७.५ ते ८ आणि वि. गु. सुमारे २.७ असते. सुट्या खड्यासाठी वि. गु. मोजणे हीच सर्वांत निर्धोक परीक्षा. ओरखड्याची परीक्षा खड्याचे नुकसान करते. ब्रोशँटाइट व ॲटाकॅमाइट ही खनिजेही गडद हिरवी व काचेसारखी असतात, पण त्यांचे काठिण्य ३ ते ४ आणि वि. गु. ३.७ च्या वर. त्यांचे स्फटिक बहुधा सुईसारखे किंवा पातळ असतात.

हाताळणी व उपयोग : नमुना स्वच्छ करताना श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांचे यंत्र कधीही वापरू नये, आतल्या भेगा उघडतात व स्फटिक खपल्यांसारखे निघतात. वाफ आणि उकळते पाणीही टाळावे. मऊ कुंचला व कोमट ऊर्ध्वपातित पाणी पुरते. स्फटिकांवरचे कॅल्साइट आम्लाने काढायचा मोह संग्राहकांना होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल डायोप्टेजची पृष्ठेच खाऊन निस्तेज करते. सौम्य आम्लानेही बुडाचा कॅल्साइट विरघळून स्फटिक गळून पडू शकतात. सुईने हळूहळू टोकरून काढणे वेळखाऊ असले तरी तेच इष्ट.

पैलू पाडलेले खडे क्वचित मिळतात व बहुधा एक-दोन कॅरटांच्या आतच असतात. कारागिराला आधी पाटनाच्या तिन्ही दिशा शोधाव्या लागतात. एखादा पैलू पाटनाला नेमका समांतर आला तर त्याला झिलई चढत नाही, पापुद्रे सुटतात. खडा दांडीवर बसवताना गरम लाखेऐवजी थंड चिकट द्रव्य वापरतात, कारण तापमानातला झटका पुरेसा घातक असतो. घासकाम ओलेच करावे, कारण तांबेयुक्त धूळ श्वासात जाणे धोक्याचे आहे. असे खडे अंगठीत बसवू नयेत. लोलक किंवा कर्णभूषण, तेही कडेने संरक्षण असलेले, त्यातल्या त्यात योग्य. हे खनिज पिण्याच्या पाण्यात भिजवून ठेवण्याची पद्धत सर्वथा टाळावी, कारण आम्लाच्या संपर्कात त्यातून तांबे सुटते.

भुकटीचा रंगद्रव्य म्हणूनही थोडा वापर होतो. कण जितके बारीक तितका रंग फिका, म्हणून ती जाडसर दळतात.