फेज फेल्युअर रिले बसवला, तरी मोटर का जळते?

जळालेली थ्री-फेज मोटर उघडली की कारण बहुतेक वेळा वाइंडिंगवरच दिसते. सगळ्या कॉईल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा थंडावा न मिळणे यांपैकी काहीतरी झालेले असते. पण काही कॉईलचा कोळसा झाला आहे आणि त्यांच्या मधल्या कॉईल नव्यासारख्या आहेत, असा पट्ट्यापट्ट्यांचा प्रकार दिसला तर एक फेज गेला होता हे नक्की समजावे. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एकत्र बांधलेली) दोन फेजच्या कॉईल जळतात आणि तिसऱ्याच्या शाबूत राहतात; डेल्टात (वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) उलट, एकाच फेजच्या जळतात. गंमत म्हणजे अशा मोटरच्या पॅनेलमध्ये फेज फेल्युअर रिले, म्हणजे एखादा फेज गेला की मोटर थांबवणारे उपकरण, पुष्कळदा असतोच, त्याचा दिवाही लागत असतो. चुकलेली असते ती जोडणी.

फिरत्या मोटरचा एक फेज गेल्यावर ती थांबली असती तर प्रश्नच नव्हता. ती थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर तेच काम रेटत राहते आणि त्यासाठी प्रत्येक तारेतून निदान १.७३ पट करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती तिप्पट होते. वेग थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहूनही वर जातो. थांबलेली मोटर दोन फेजवर सुरू करायला गेलात तर ती फिरतच नाही. जागच्या जागी घुमत राहते आणि रेटेड करंटच्या कित्येक पट करंट घेते.

मग ओव्हरलोड रिले (करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर तोडणारा) कशासाठी आहे? मोटर पूर्ण लोडवर असेल तर तो तोडेलच. पण डेल्टा मोटर साधारण ५८ टक्के लोडवर चालली आहे असे धरा. एक फेज गेल्यावर तारेतला करंट वाढून जेमतेम रेटेड करंटएवढा होतो आणि ओव्हरलोडला तक्रारीचे काही कारण दिसत नाही. आत मात्र तारेतल्या करंटचा दोन तृतीयांश भाग एकट्या एका वाइंडिंगमधून जातो. नेहमीच्या पूर्ण लोडला त्याच्या वाट्याला ०.५८ भाग येतो, आता ०.६७. करंट १५ टक्के जास्त, उष्णता एक तृतीयांश जास्त, आणि बाहेरून सगळे आलबेल. काही बायमेटल ओव्हरलोडमध्ये (यात तापल्यावर वाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात) तीन पट्ट्यांच्या वाकण्यातला फरक ओळखणारी सरकपट्टी असते. तिने हे अंतर बरेच कमी होते, पण पट्टी तापायला लागणारा वेळ जातोच.

फेज गेला की व्होल्टेज शून्य होईल आणि रिलेला कळेल, हाही समज अर्धाच खरा. फिरणारा रोटर तुटलेल्या तारेवर स्वतः व्होल्टेज निर्माण करतो, आणि लोड हलका असेल तर ते नेहमीच्या ९० टक्क्यांच्या पुढेही असू शकते. तीन दिवे लावून फेज बघणारा इथे हमखास फसतो. म्हणून चांगला रिले नुसते ‘आहे की नाही’ एवढे बघत नाही, तो तीन व्होल्टेजमधला असमतोल मोजतो. तिन्हींची सरासरी काढायची आणि तिच्यापासून सर्वांत दूर असलेल्या व्होल्टेजचा फरक सरासरीच्या किती टक्के आहे ते बघायचे. ४१०, ४०५ आणि ३७० व्होल्ट असतील तर सरासरी ३९५, मोठ्यात मोठा फरक २५, म्हणजे असमतोल ६.३ टक्के. रिले १० टक्क्यांवर लावलेला असेल तर तो याकडे काणाडोळा करील. मोटरला ते परवडत नाही, कारण व्होल्टेजमधल्या दर एक टक्का असमतोलामागे करंटमधला असमतोल साधारण ६ ते १० टक्के होतो. पुरवठा बऱ्यापैकी स्थिर असेल तर ५ ते ६ टक्के ठेवावेत. सारखे विनाकारण ट्रिप होऊ लागले तरच थोडे वाढवावेत, आणि तेही आधी व्होल्टेज मोजून.

फेज ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूला गेला तर चित्र आणखी फसवे असते. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी दाबाच्या) बाजूला न्यूट्रलपासून मोजल्यास एका फेजवर पूर्ण आणि दोन फेजवर निम्मे व्होल्टेज मिळते. तिन्ही दिवे लागतात, दोन मंद. मोटरच्या एका तारेत मात्र बाकी दोघींच्या दुप्पट करंट जातो.

आता जोडणी. मुख्य पुरवठा तोडा आणि टेस्टरवर न विसंबता मीटरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करा. रिलेच्या एल-१, एल-२, एल-३ या टर्मिनलना तीन फेज द्यायचे ते मुख्य फ्यूज किंवा ब्रेकरच्या नंतर आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) आधी. फ्यूजच्या आधी घेतले तर फ्यूज उडाल्याचे रिलेला कळणार नाही. कॉन्टॅक्टरच्या नंतर घेतले तर कॉन्टॅक्टर लागल्याशिवाय रिलेला व्होल्टेज नाही आणि रिले उचलल्याशिवाय कॉन्टॅक्टर लागत नाही! १.५ चौरस मिलिमीटरची तार, टोकाला फेरूल (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी), प्रत्येक फेजमध्ये २ अँपिअरचा छोटा फ्यूज. यातला फ्यूज उडाला तर मोटर थांबेल, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल.

कॉन्टॅक्टच्या निवडीत सर्वांत जास्त घोळ होतो. रिलेवर ११, १२, १४ असे आकडे असतात (काही मॉडेलवर १५, १६, १८). अंगावरची आकृती रिलेला पुरवठा नसतानाची असते, त्यामुळे ११-१२ जोडलेले आणि ११-१४ उघडे दिसते. पण हा रिले सगळे ठीक असताना उचललेला असतो, म्हणजे ११-१४ जोडलेले आणि ११-१२ उघडे. म्हणून घ्यायचा तो ११-१४. कोणी ११-१२ वापरला तर पुरवठा नीट असताना मोटर सुरूच होत नाही. मग घाईत दोन टर्मिनलवर लूप (त्यांना थेट जोडणारी तार) मारला जातो आणि तो लूप कायमचा राहतो. दिवा लागतोय पण संरक्षण नाही, अशी पॅनेले बहुधा याच वाटेने तयार होतात.

कंट्रोलचा क्रम असा: कंट्रोल फ्यूज, स्टॉप बटण, स्टार्ट बटण आणि त्याला समांतर कॉन्टॅक्टरचा १३-१४ होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्ट बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर लावून ठेवणारा), मग ओव्हरलोडचा ९५-९६, मग रिलेचा ११-१४, मग कॉन्टॅक्टरच्या कॉईलचे ए-१ आणि ए-२ वरून न्यूट्रल. ११-१४ या समांतर जोडीच्या बाहेर, सीरिजमध्ये हवा. तो फक्त स्टार्ट बटणाच्या फांदीत घातला तर होल्डिंग कॉन्टॅक्ट त्याला वळसा घालतो. रिले फक्त सुरू करतानाच परवानगी देतो, चालू मोटर थांबवू शकत नाही. दोन फेजमध्ये जोडायची ४१५ व्होल्टची कॉईल असेल तर रिलेचा कॉन्टॅक्ट तेवढ्या व्होल्टेजचा आहे का ते बघा. अनेकांची मर्यादा २५० व्होल्ट असते. मोठ्या कॉन्टॅक्टरसाठी मध्ये सहायक रिले घालावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ११-१४ तिन्ही कॉन्टॅक्टरच्या सामाईक कंट्रोल तारेत येतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर रिले ड्राइव्हच्या आधी. ड्राइव्हच्या आउटपुटचे तुकड्यातुकड्यांचे व्होल्टेज त्याच्यासाठी नाही.

फेजचा क्रम उलटा असेल तर रिले उचलत नाही. अशा वेळी रिलेच्या दोन तारा अदलाबदल करून मोकळे होऊ नका. आधी मोटर कोणत्या दिशेने फिरायला हवी ते ठरवा. पुरवठाच उलटा आला असेल तर मुख्य स्विचच्या आधी दोन तारा बदला, म्हणजे मोटर आणि रिले दोन्ही सुधारतील. मोटर योग्य फिरत असेल आणि रिलेच कुरकुरत असेल, तरच त्याच्या टर्मिनलवर बदल करा.

ट्रिपचा विलंब २ ते ५ सेकंद पुरतो. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबते तेवढे त्यात निभावते. फ्लोट किंवा प्रेशर स्विचवर आपोआप चालणारी मोटर असेल तर पुरवठा परत आल्यावरचा विलंबही लावा, नाहीतर लाइन लुकलुकताना ती दर वेळी पुन्हा सुरू होईल. कॉम्प्रेसरला हे विशेष मानवत नाही.

कॉन्टॅक्टरच्या पुढे काय तुटले हे हा रिले कधीच बघू शकत नाही. कॉन्टॅक्टरचा जळलेला एक पोल, केबलचे सैल लग, मोटरच्या टर्मिनल बॉक्समधला ढिला नट, या सगळ्यांत रिलेच्या जागी तिन्ही फेज व्यवस्थितच असतात. त्यासाठी करंटवर चालणारा रिले वेगळा हवा. महागाच्या मोटरला दोन्ही असावेत.

चाचणी घेताना बहुतेक जण एकच फेज काढतात, मोटर थांबते, समाधान होते. पण कॉन्टॅक्टरची कॉईल ज्या फेजवर आहे नेमका तोच काढला असेल तर रिले नसता तरी ती थांबलीच असती. शिवाय काही रिले स्वतःचा पुरवठा दोनच फेजमधून घेतात. त्यांपैकी एक गेला तर तो नुसता मरून पडतो, ओळखत काहीच नाही. म्हणून मोटर बिनलोड चालवून, वरच्या बाजूच्या वेगळ्या फ्यूज युनिटमधून एकेक करून तिन्ही फेज तोडून बघावेत. प्रत्येक वेळी मुख्य स्विच बंद करून फ्यूज पूर्ववत करावा. ठरवलेल्या विलंबानंतर दोन-तीन सेकंदांत मोटर सुटली नाही तर लगेच स्टॉप दाबावा. कंट्रोलवर नसलेला आणि रिलेचा पुरवठाही नसलेला जो फेज असतो, त्याचा निकालच खरा.