जपानी सीडार (सुगी)

(लॅ. क्रिप्टोमेरिया जॅपोनिका, कुल – क्यूप्रेसेसी). जपानच्या दमट डोंगराळ भागात निसर्गतः वाढणारा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. प्रजातीत ही एकच जाती असून देवदारासारख्या खऱ्या सीडारांशी तिचे निकटचे नाते नाही. पूर्वी तिचा समावेश टॅक्सोडिएसी कुलात करीत. धाकट्या लिनीअसने (वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांच्या मुलाने) १७८२ मध्ये तिचे वर्णन सरूच्या (सायप्रसच्या) प्रजातीत केले. स्वतंत्र प्रजाती १८३८-३९ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉन यांनी स्थापिली.

मूलस्थान : जपानमधील मूलनिवासाबद्दल दुमत नाही, वाद आहे तो चीनमधील वृक्षांचा. चेजियांग प्रांतातील त्येनमू पर्वतावर आणि फूच्येन, च्यांगशी भागांत याचे जुने, प्रचंड वृक्ष आढळतात. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना सायनेन्सिस हा स्वतंत्र प्रकार मानतात : त्याची पाने आत अधिक वळलेली, शंकूत (बिया धरणाऱ्या खवलेदार भागात) सुमारे वीसच खवले व प्रत्येक खवल्यावर बहुधा दोन बिया, जपानी प्रकारात खवले वीस ते तीस वा अधिक, बिया दोन ते पाच. दुसऱ्या मतानुसार हे वृक्ष प्राचीन काळी मंदिरांच्या परिसरात जपानमधून आणून लावलेल्या रोपांचे वंशज असावेत. या प्रजातीचे तृतीयक कालखंडातील (सुमारे ६·६ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळातील) जीवाश्म यूरोपातही मिळाले असल्याने तिचा प्रसार एकेकाळी पुष्कळ विस्तृत होता, हे निश्चित. म्हणून चीनमधील वृक्ष मूळचेच असण्याची शक्यता सहजासहजी डावलता येत नाही. तथापि वर दिलेले भेद लहान आहेत, आणि लागवडीतील वृक्षांत ते पुष्कळदा एकमेकांत मिसळलेले दिसतात.

वयाचा प्रश्नही असाच. जपानच्या याकूशिमा बेटावरील ‘जोमोन सुगी’ या वृक्षाचा घेर सुमारे १६·४ मी. व उंची सुमारे २५ मी. आहे. घेरावरून त्याचे वय ७,२०० वर्षांपर्यंत सांगितले गेले, परंतु खोडाच्या लाकडाच्या किरणोत्सर्गी कार्बन परीक्षणातून सुमारे २,१७० वर्षांचा आकडा मिळाला. खोड आतून पोकळ असल्याने सर्वांत जुने लाकूड उपलब्ध नाही, म्हणजे हा आकडा किमान मर्यादा होय. मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी जवळच्या किकाई ज्वालामुखीच्या उद्रेकाने बेटावरील वनश्री बरीचशी नष्ट झाली असावी, हे ध्यानात घेता मोठा आकडा स्वीकारणे कठीण जाते.

वर्णन : साल तांबूस तपकिरी, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. पाने ०·५–१·५ सेंमी. लांब, आरीसारखी टोकदार, सर्पिल मांडणीची. त्यांचे तळ डहाळीवर खाली उतरलेले असतात. शंकू गोल, १–२ सेंमी. व्यासाचे, खवल्यांवर आकडेदार काटे असलेले. पुष्कळदा शंकूच्या टोकातूनच नवी हिरवी डहाळी फुटून पुढे वाढते.

सीमाभागातील (बेळगाव परिसरातील) लागवड : भारतात हा वृक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दार्जिलिंगच्या डोंगरात आला, असे सामान्यतः मानतात, तेथे त्याला ‘धुपी’ म्हणतात. निलगिरीतही तो लावलेला आहे. ही ठिकाणे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत, तर बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर. येथील अडचण केवळ उंचीची नसून पावसाच्या वाटणीचीही आहे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात व जांबोटी पट्ट्यात एकूण पाऊस भरपूर. पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि ज्या झाडाला वर्षभर विभागलेला पाऊस हवा, त्याला मार्च ते मे कोरडे काढावे लागतात. त्यामुळे खानापूरच्या पश्चिमेकडील तांबड्या, आम्लधर्मी, निचऱ्याच्या जमिनीत, उन्हाळी पाण्याची हमी असेल तरच हा वृक्ष लावणे योग्य. अथणी, रायबाग, गोकाककडील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो लावू नये. तेथे आवाराच्या शोभेसाठी मोरपंखी अधिक भरवशाची आहे.

रोप घेताना पारख आवश्यक आहे, कारण या भागात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून बहुधा ॲरॉकेरिया विकला जातो. त्याच्या फांद्या खोडाभोवती ठरावीक अंतरावर नियमित चक्राकार येतात. मोरपंखीची खवलेदार पाने उभ्या चपट्या पंख्यांत असतात. खडशेरणीची (सुरूची) हिरवी काडी ओढली असता सांध्यावर सुटते. सुगीत यांपैकी काहीच दिसत नाही.

अभिवृद्धी बियांपासून होते, पण बियांची उगवण बेताची असते. जपानमध्ये शतकानुशतके छाट कलमे वापरतात, आणि ठरावीक वाणाचे गुण टिकवायचे तर तोच मार्ग आहे. रोप पावसाळ्याच्या आरंभी, दुपारच्या उन्हाचा मारा न बसणाऱ्या जागी, पालापाचोळ्याचे कुजलेले खत घालून लावावे व बुंध्याभोवती जाड आच्छादन ठेवावे. कोरड्या हवेत कोळी या सूक्ष्म किडीचा उपद्रव होतो, तर दाटीने ठेवलेल्या ओल्या रोपांवर पर्णकरपा येतो. आतील वाळलेल्या डहाळ्या झाडावरच राहत असल्याने त्या हाताने काढाव्या लागतात. बहुतेक सूचिपर्णी वृक्षांप्रमाणे न वागता हा वृक्ष तोडलेल्या बुंध्यापासूनही फुटतो, म्हणून कडक छाटणीही तो सोसतो.

वाणांपैकी ‘एलेगन्स’ची कोवळी, मऊ पाने कायम राहतात व हिवाळ्यात तांबूस होतात; हा रंग थंडीच्या तीव्रतेवर अवलंबून असल्याने बेळगावच्या सौम्य हिवाळ्यात तो फिकाच राहील. ‘ग्लोबोसा नाना’ हा ठेंगणा वाण कुंडीस योग्य असून, कुंडी उन्हाळ्यात सावलीत हलवता येत असल्याने शहरातील घरांसाठी तोच अधिक सोयीचा. दार्जिलिंगमध्ये एकाच जातीच्या दाट लागवडीखाली इतर झाडोरा विरळ झाल्याचा अनुभव आहे. भीमगड अभयारण्यासारख्या सह्याद्रीच्या मूळ वनांत किंवा त्यांच्या कडेला हा वृक्ष लावणे सर्वथा टाळावे.