चार्ज गळतो की सरकतो?

कुलोमच्या प्रयोगाचं, म्हणजे दोन चार्ज केलेल्या धातूच्या गोळ्यांमधलं बल वेगवेगळ्या अंतरांवर मोजायच्या प्रयोगाचं, जर्नल तपासायला घेतलं की ‘सोर्स ऑफ एरर’खाली ठरलेलं वाक्य असतंच: ‘कोकणातील दमट हवेमुळे चार्ज गळाला, त्यामुळे बल कमी आले.’ जुलैत रत्नागिरीत किंवा मालवणात हे खरं असू शकतं. पण कोरड्या जानेवारीतही मुलं तेच लिहितात, आणि तेही गोळे अगदी जवळ असतानाच्या रीडिंगबद्दल. तिथे हवेला दोष देणं मला अजिबात पटत नाही.

कुलोमने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूवर (तारेला बसलेल्या पिळावरून बल मोजणारं साधन) दाखवलेला व्यस्त वर्गाचा नियम, म्हणजे अंतर दुप्पट झालं की बल चौथाई, सगळ्यांना पाठ असतो. अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत धरायचं, हेही.

गळतीचं थोडक्यात सांगतो. चार्ज जातो तो मुख्यतः गोळ्याच्या दांडीवरून. खाऱ्या वाऱ्याने दांडीवर मीठ बसतं, मीठ ओल धरतं आणि त्या पातळ थरातून चार्ज निघून जातो. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकच्या दांडीवर बोट फिरवलं तर चिकट लागतं. मग दांडी स्पिरिटने पुसायची, कारण बोटाचा घामही तेच काम करतो. हेअर ड्रायर गोळ्यावर धरू नका, दांडीवर धरा.

खरा घोळ पुढे आहे. नियम बिंदूएवढ्या चार्जसाठी आहे आणि धातूच्या गोळ्यावर चार्ज हवा तसा फिरतो. एकाच चिन्हाचा, तेवढाच चार्ज असलेले दोन गोळे जवळ आणले की दोन्हींवरचा चार्ज पाठीमागच्या बाजूला सरकतो. केंद्रांतलं अंतर तेच राहतं, पण चार्ज एकमेकांपासून लांब गेलेला असतो, म्हणून बल कमी भरतं. गळालेलं काहीच नसतं. किती कमी? त्रिज्येच्या घनाला अंतराच्या घनाने भागा आणि ४ ने गुणा. साधारण तेवढा अंश. ३.८ सेंमी व्यासाच्या गोळ्यांना २० सेंमीवर हा फरक ०.३ टक्के, १० सेंमीवर २.७ टक्के आणि ५ सेंमीवर तब्बल २२ टक्के!

गल्लत होते कारण आपण एकदा चार्ज केलेले गोळे लांबून जवळ आणत रीडिंग घेतो. जवळ येईपर्यंत वेळही गेलेला असतो, त्यामुळे दोन्ही दोष आलेख एकाच टोकाला वाकवतात. क्रम उलटा करा. गळती असेल तर आता लांबची रीडिंगं पडतील आणि लॉग-लॉग आलेखाचा (बल आणि अंतर दोन्हींचे लॉग घेऊन काढलेला) उतार नियमाप्रमाणे येणाऱ्या उणे २ पेक्षा तीव्र होईल. चार्ज सरकत असेल तर वाक जवळच्याच टोकाला राहील.

मला त्याहून आवडते ती दुसरी कसोटी. एक गोळा पॉझिटिव्ह आणि दुसरा तेवढाच निगेटिव्ह करा. आता चार्ज समोरासमोर ओढला जातो आणि जवळ आल्यावर बल नियमापेक्षा जास्त भरतं. गळतीने बल वाढणं शक्यच नाही.

उतार उणे २ वर आणण्यासाठी जवळची रीडिंगं खोडणं तर फारच वाईट. ती ठेवा आणि दुरुस्त करा. वरच्या गोळ्यांचं ५ सेंमीवरचं बल ०.७८ ने भागायचं. त्याहून जवळ ही दुरुस्तीही अपुरी पडते, तिथे रीडिंग घेऊच नका. आणि चार्ज करताना गोळे शक्य तितके लांब ठेवा, नाहीतर प्रत्येकावर किती चार्ज बसला हा हिशेबच बदलतो.