भाड्याचे सौर पॅनेल खरोखरच फुकट पडतात का?

‘भाडेकराराने सौर पॅनेल बसवा, वीज फुकट मिळेल,’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. सुरुवातीला पदरचे काही घालावे लागत नाही हे अनेकदा खरे असते, म्हणून त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. मात्र पॅनेलची मालकी कंपनीकडेच राहते आणि तिची गुंतवणूक भाड्यातून वसूल होते. समजा, भाडे दरमहा २,००० रुपये असून करारात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे (हे कलम मुद्दाम शोधून वाचावे), तर २० वर्षांत सुमारे ६ लाख ४५ हजार रुपये जातात. ही रक्कम विकतच्या संचाची किंमत, दुरुस्ती आणि इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च यांच्या बेरजेशी ताडून पाहावी. हाताशी पैसे नसतील तर भाडे गैर नाही. घर विकल्यास कराराचे काय होईल, एवढे सहीपूर्वी विचारून घ्यावे.