मन्सूरचा डोडो आणि शिकारी बादशहा

प्राण्यांच्या चित्रातून पर्यावरणाबद्दल काही सांगता येतं का, हा प्रश्न निघाला की पर्यावरण दिनाची पोस्टरं डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचा माग थेट जहांगीरच्या दरबारापर्यंत जातो, आणि तोही गोव्यावरून.

जहांगीरने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं. पोर्तुगीज सांगतील ती किंमत मोजून दुर्मीळ चिजा आणायच्या, असा हुकूम होता. १६१२ मध्ये तो परतला तेव्हा त्या चिजांमध्ये एक टर्की पक्षी होता. बादशहाने आत्मचरित्रात त्याचं फार बारकाईने वर्णन केलंय: माजावर आला की डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, थोड्या वेळाने कापसासारखं पांढरं पडतं, कधी फिरोजी दिसतं. बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढून घेतली नाहीत. आपण दोन्ही केलं, म्हणजे ऐकून वाटणारं नवल पाहून आणखी वाढेल, असंही तो तिथेच लिहितो. दरबारातल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने काढलेलं ते टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

यात निसर्गरक्षणाचा विचार शोधू नये. याच बादशहाने स्वतःच्या शिकारीचा हिशेब लिहून ठेवलाय: बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या आसपासपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने. मन्सूरला काम होतं ते समोरचा जीव जसा आहे तसा कागदावर उतरवण्याचं. मला वाटतं, चित्राचं पुढे जे मोल झालं ते या तंतोतंतपणामुळेच.

डोडोचंच बघा. मॉरिशसचे हे पक्षी जहाजांतून सुरतेला आले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तिथे दोन डोडो पाहिल्याची नोंद आहे. १६२५ च्या सुमाराचं, मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मध्यभागी तपकिरी डोडो, आकडीसारखी चोच, भोवती इतर पक्षी. युरोपात त्या काळी काढलेले डोडो फुगलेले, गलेलठ्ठ दिसतात. हा तसा नाही. जिवंत डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह चित्रांमध्ये त्याची गणना होते. सतरावं शतक सरण्याआधीच डोडोचा वंश संपला. चितारताना ज्याची कल्पनाही नव्हती ते दुःख त्या चित्राला नंतर चिकटलं.

सायबेरियन क्रौंचाची गत निराळी, पण तितकीच जिव्हारी लागणारी. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी १७७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. मन्सूरने तो त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीच रंगवला होता. हे पक्षी हिवाळ्यात भरतपूरला यायचे. त्याच भरतपुरात १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. शेवटची क्रौंच जोडी तिथे २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली.

कंपनीच्या काळात ही नजर कलकत्त्याला पोचली. सरन्यायाधीशांची पत्नी मेरी इम्पे हिने १७७७ पासून आपल्या खासगी प्राणिसंग्रहातले जीव पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून रंगवून घेतले: शेख जैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. भवानी दासने काढलेलं गुलाबी डोक्याचं बदक त्यांतलंच. रानात त्या बदकाची शेवटची खात्रीशीर नोंद १९३५ ची.

मुंबईशीही याचा धागा जुळतो. तरुण सालिम अलींनी १९२७-२८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुघल बादशहांवर, निसर्गनिरीक्षक आणि शिकारी अशा दोन्ही अंगांनी, लेखमाला लिहिली. पुढे पक्षिरक्षणासाठी झटलेल्या माणसाने बादशहांची ती दोन्ही अंगं एकत्र तपासावीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी संदेश आणि मग चित्र असा क्रम ठळकपणे दिसतो तो १९६१ मध्ये. पीटर स्कॉट हे इंग्रज पक्षिचित्रकारही तरुणपणी बदकांची शिकार करायचे. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडासाठी त्यांनी पांडाचं बोधचिन्ह काढलं. काळापांढरा प्राणी छापायला स्वस्त, हाही त्यामागचा एक हिशेब होता. त्या पांडाने जगभर पैसा आणि लोक उभे केले, हे निर्विवाद. पण त्यात एकेका पिसाचा तपशील नाही, आणि त्याचं ते कामही नव्हतं. २०१६ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत पांडा 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' या तुलनेने बऱ्या गटात आला. गुलाबी डोक्याचं बदक मात्र अजून अधिकृतरीत्या नामशेष ठरलेलं नाही. म्यानमारच्या दलदलीत त्याचा शोध घ्यायला या शतकातही मोहिमा निघाल्या आहेत.