वेल्डिंग मशीन थांबलंय का एमसीबी पडलाय? आधी पंख्याकडं बघा

मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये डोकवा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते, वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन चालता चालता बंद पडतंय. आणि लगेच पुढचं वाक्य, "कार्ड गेलं वाटतं मालक." बहुतेक वेळा कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेलेलं नसतं. बंद पडण्याचे दोन वेगळेच प्रकार आहेत, एकात मशीन गरम होऊन स्वतःच थांबतं, दुसऱ्यात भिंतीवरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला केला की खर्च होतो पण काम तिथंच अडकतं.

फरक ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही. आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) तुटला पण पंखा फिरतोय, डिस्प्ले चालू आहे आणि पिवळा दिवा लागलाय (काही मशीनवर तिथं ओसी लिहिलेलं असतं), तर मशीनने स्वतःला थांबवलंय. पंखा, दिवा, डिस्प्ले सगळंच मेलं असेल तर करंटच येत नाहीये, मशीनला हात न लावता बोर्डाकडं जा.

आता पहिला प्रकार. मशीनच्या मागच्या पट्टीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही. 200 अँपिअर 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांतली 6 मिनिटं आर्क आणि 4 मिनिटं विश्रांती. तेच मशीन न थांबता चालवायचं तर साधारण 155 अँपिअरच्या वर जायचं नाही, हा आकडापण पट्टीवर 100 टक्क्याच्या रकान्यात असतो. आणि हे सगळे आकडे सहसा 40 डिग्री हवेचे असतात, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 43-44 जातं, पत्र्याखाली किती होत असेल ते तुम्हीच बघा. म्हणजे कारखान्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांचं काम अंगावर आलंय, आठ नंबरचा (4 मिमी जाडीचा) रॉड एकामागं एक जळतोय, आणि दिवा लागला तर मशीन बरोबर वागतंय, खराब नाहीये.

अशा वेळी लोक करतात काय, तर वैतागून मशीनचा स्विच बंद करतात. तसं करू नका. स्विच बंद केला की पंखा बंद, आत साठलेली उष्णता तिथंच राहते. चालू ठेवा, रॉड बाजूला ठेवा, चहा पिऊन या, दिवा आपोआप जातो.

पण पूर्वी अर्धा तास चालायचं ते आता पाच मिनिटांत दिवा लावत असेल तर मशीन आतून तुंबलंय. सोलापुरात हे जरा जास्तच होतं, कारण शेजारी पॉवरलूम असला की कापसाचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या) फटीत चटईसारखे बसतात, त्यावर ग्राइंडरची लोखंडी धूळ. ही लोखंडी धूळ कार्डावर बसली तर शॉर्टसुद्धा करते. ब्लोअर मारायचा, पण प्लग काढून थोडा वेळ थांबून मगच कव्हर उघडायचं, आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि तो प्लग काढल्या काढल्या उतरत नाही. हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. आणि सकाळी गार मशीन चालू करताच दिवा लागत असेल तर मात्र गरम होण्याचा प्रश्नच नाही, सेन्सरची वायर सुटलीय किंवा व्होल्टेज रेंजच्या बाहेर आहे.

दुसऱ्या प्रकारात एमसीबी कधी पडतो याला सगळं महत्त्व. रॉड टेकवायच्या आधीच, स्विच टाकल्या टाकल्या पडत असेल आणि दरवेळी पडत असेल, तर आतला ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा पार्ट) नाहीतर आयजीबीटी (करंट झटपट चालू-बंद करणारा पार्ट) शॉर्ट असण्याची शक्यता जास्त, तिथं मेकॅनिकच पाहिजे. कधी पडतो कधी नाही असं असेल तर बोर्डात घरगुती बी टाइप एमसीबी आहे का बघा, चालू होतानाचा झटका त्याला सोसत नाही, सी टाइप लागतो, जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला तर डी. आणि काम करता करता काही वेळाने पडत असेल तर सरळ ओव्हरलोड. सिंगल फेजवर साधं इन्व्हर्टर दहा नंबरच्या (3.15 मिमी) रॉडला 110 अँपिअर देताना लाइनमधून 20 च्या आसपास खेचतं, आठ नंबरला 160 दिलं की 30 च्या वर. 16 चा एमसीबी कसा टिकणार? त्यात तो पत्र्याखालच्या लोखंडी डब्यात तापलेला, त्याचं सेटिंग 30 डिग्रीचं, म्हणजे उन्हाळ्यात अजून लवकर पडणार.

मग कोणीतरी शहाणा 16 काढून 32 बसवतो आणि वायर तीच जुनी. हे सगळ्यात वाईट. एमसीबी वायर वाचवायला असतो, मशीन वाचवायला नाही. आधी वायर जाड, मग एमसीबी मोठा.

खरा गोंधळ होतो व्होल्टेज उतरल्यावर, कारण तेव्हा दोन्ही दुखणी एकदम येतात. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला व्होल्टेज कमी मिळालं की आर्क मरतो, रॉड चिकटतो, बस. इन्व्हर्टर तसं करत नाही, सेट केलेला करंट द्यायचाच म्हणून ते लाइनमधून जास्त अँपिअर खेचतं, मग वायर तापते, व्होल्टेज अजून उतरतं, आतले पार्टपण जास्त तापतात, आणि एका दिवशी पिवळा दिवा तर दुसऱ्या दिवशी एमसीबी असा खेळ सुरू होतो. "जुन्या मशीनला असं कधी झालं नाही" असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, फक्त दोष मशीनला देतात. 30 मीटरची दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी जाडीची) तांब्याची एक्स्टेन्शन असेल तर 25 अँपिअरला त्या वायरीतच साधारण 18 व्होल्ट जातात, चार स्क्वेअर घेतली तर सातच्या आत. आणि वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवून काम करू नका, सगळी सोडा, गुंडाळीत ती तापून वितळते.

व्होल्टेज तपासायचं ते मशीनच्या टोकाला आणि आर्क चालू असताना, एकाने वेल्डिंग करायचं दुसऱ्याने मीटर बघायचं. रिकामं मशीन असताना 230 दाखवतं आणि सगळे फसतात. बऱ्याच मशीनची रेंज 230 च्या 15 टक्के खाली-वर असते, म्हणजे आर्कवर 195 च्या खाली जात असेल तर मशीन दुरुस्तीला नेऊन काही होणार नाही. आणि आठ नंबर दिवसभर जाळायचाच धंदा असेल तर सिंगल फेजशी झटापट सोडा, थ्री फेज कनेक्शन आणि थ्री फेज मशीन घ्या, तोच लोड तीन फेजमध्ये वाटला जातो आणि प्रत्येक वायरीतला करंट बराच खाली येतो.